वेगळ्या खोलीसाठी दुसरे काम धरावे का?

दुकानाचा नफा-तोटा, उधारी आणि मालाची खरेदी यांविषयी या पानावर नेहमी लिहिले जाते. या वेळी आम्ही दुकानाचा हिशेब बाजूला ठेवून कारागिराच्या खिशाचा हिशेब घेणार आहोत. कारण दुकान चालते ते कारागिराच्या हातावर, आणि तो हात थकला तर नुकसान दोघांचेही होते.

घरात जागा पुरत नाही म्हणून वेगळी खोली घ्यावी, आणि पगारातून भाडे परवडत नाही म्हणून रात्री दुसरे काम धरावे, असा विचार आज अनेक तरुण करीत आहेत. कोणी दिवसा शिलाई करून रात्री पहारेकऱ्याचे काम करतो, तर कोणी वेल्डिंगच्या कारखान्यातून सुटला की रिक्षा चालवतो. मेहनतीची लाज कोणाला नसावी. आपल्या हातांच्या कमाईहून उत्तम अन्न नाही आणि प्रेषित दाऊद (अ.) हेही हातांच्या कमाईवर जगत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण मेहनत करणे आणि हिशेब न करता मेहनत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आजचा धडा हिशेबाचा आहे.

एक उदाहरण

नाव घेण्याचे कारण नाही, कारण असा तरुण प्रत्येक मोहल्ल्यात आहे. समजा, फलटणकडचा एक पंचविशीतला मुलगा पुण्यात लष्कर भागातील एका शिलाईच्या दुकानात कटिंग करतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात काम, रविवारी सुट्टी, पगार १८,००० रुपये. भवानी पेठेत चाचांच्या दोन खोल्यांत तो राहतो. त्या दोन खोल्यांत एकूण सात माणसे आहेत. चाचांची मुलगी दहावीला असल्याने तिला रात्री दिवा हवा असतो आणि याला झोप हवी असते. कामाची घाई असली की घरी यायला उशीर होतो, मग चाचीला उठून दार उघडावे लागते. चाची काही बोलत नाहीत, पण त्यांचे न बोलणेच याला जास्त लागते. पुढच्या वर्षी लग्नाचे पाहावे असे गावाकडून अब्बा सांगत आहेत.

एका मित्राने वाट दाखवली. रात्री आठ ते बारा मोटारसायकलवरून हॉटेलचे जेवण घरोघर पोहोचवायचे. त्या पैशांत कोंढव्याकडे एक खोली सहज निघेल, असे मित्राचे म्हणणे. मुलाने मनातल्या मनात हिशेब केला. महिन्याला साडेतीन हजार शिल्लक राहतात आणि खोलीचे भाडे साडेसहा हजार आहे, म्हणजे फक्त तीन हजार कमी पडतात. रात्रीच्या कामात तर नऊ हजार मिळतात. मग अडचण कोणती?

अडचण या तोंडी हिशेबातच आहे. तो कागदावर मांडून पाहू. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या गावचे व आपल्या पगाराचे आकडे घालावेत.

आधी हेतू तपासावा

पैशाकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो. खोली कशासाठी हवी आहे?

लग्न ठरत असेल तर कारण भक्कम आहे. पत्नीला स्वतःची म्हणता येईल अशी, कडी-कुलूप लावता येईल अशी जागा देणे ही पतीची जबाबदारी असल्याचे हनफी फिकहच्या ग्रंथांत सांगितले आहे. वेगळे घर शक्य नसेल तर निदान घरातील एक स्वतंत्र खोली तरी असावी. ज्या घरात वयात आलेल्या चुलत बहिणी आहेत तेथे तरुण मुलाने स्वतःची सोय पाहणे, हेही पडद्याच्या व सभ्यतेच्या दृष्टीने योग्यच आहे. घरी मशीन बसवून काम करायचे असेल तर तेही कारण खरे आहे.

परंतु एखाद्या रात्री शब्दाला शब्द लागला, म्हणून रागाने खोली शोधायला निघालो असू, तर थोडे थांबावे. राग आठवड्यात उतरतो, पण भाड्याचा करार अकरा महिने राहतो.

आणखी एक गोष्ट. वेगळे राहणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. पवित्र कुरआनात आई-वडिलांबरोबर नातेवाइकांशीही चांगले वागण्याची आज्ञा आहे (सूरह निसा, आयत ३६). ज्या चाचांनी परक्या शहरात पहिली चार वर्षे पाठ टेकायला जागा दिली, त्यांना दलालाच्या तोंडून बातमी कळू नये. निर्णय होण्याआधीच त्यांच्यापुढे बसून बोलावे. पुष्कळदा वडीलधाऱ्यांनाही तेच हवे असते. फक्त 'तू जा' असे त्यांना म्हणवत नाही.

खोलीचा खरा खर्च

आता वही उघडू. आज या मुलाचा महिना असा जातो :

चाचीच्या हाती जेवणाखाण्याचे : ४,०००
गावी आई-वडिलांना : ५,०००
चहा-नाश्ता, मोबाइल, कपडे, औषध व किरकोळ : ४,०००
पेट्रोल : १,०००
गावी जाणे-येणे : ५००
एकूण १४,५००. पगार १८,०००. शिल्लक ३,५००.

वेगळी खोली घेतल्यावर दरमहा खर्च असा वाढेल :

भाडे : ६,५००
वीज : ५००
पाणी व साफसफाई : ३००
खानावळ, दोन वेळा : ३,५००
खोली लांब असल्याने जादा पेट्रोल : ८००
साबण, धुणे, बल्ब, झाडू वगैरे : ४००
दलाली व करारासाठी बाजूला : ७००
एकूण १२,७००.

यातील शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. भाड्याचा करार साधारणपणे अकरा महिन्यांचा असतो. मुदत संपली की नवा करार करावा लागतो किंवा नवी खोली शोधावी लागते. दलालाला एक महिन्याचे भाडे द्यावे लागले तर ते ६,५०० झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अशा लहान कराराचे मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आत बसते आणि शहरात नोंदणीचे १,००० रुपये लागतात. हा खर्च कोणी करायचा ते आधी ठरवून घ्यावे. तो आपल्यावर आला तर दलाली धरून अकरा महिन्यांत साधारण ७,७०० होतात, म्हणजे महिन्याला ७००. हा खर्च वाचवण्यासाठी तोंडी बोलणीवर खोली घेणारे पुढे डिपॉझिट परत मागताना हात चोळत बसतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची शिकवण आहे. ती केवळ मोठ्या व्यापाऱ्यांसाठी नाही.

आता चाचीला द्यायचे ४,००० वाचतील. म्हणून नवा बोजा १२,७०० वजा ४,००० म्हणजे ८,७०० रुपयांचा. हाताशी शिल्लक ३,५००. तूट दरमहा ५,२०० रुपये. मुलाने मनात धरली होती ३,०००.

शिवाय या हिशेबात आजारपणासाठी, ईदसाठी किंवा लग्नासाठी एक रुपयाही नाही. महिन्याला निदान १,८०० तरी बाजूला पडायला हवेत असे धरले, तर गरज ७,००० रुपयांची होते.

एकदाचा खर्च वेगळाच आहे. डिपॉझिट ३०,०००, दलाली ६,५००, पहिल्या महिन्याचे भाडे ६,५००, करार १,२००, आणि गादी, पंखा, बादली, कुलूप, चार भांडी यांचे ५,८००. एकूण ५०,००० रुपये.

येथे एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. एकटा मुलगा म्हटले की काही घरमालक दार लावून घेतात, आणि नाव ऐकून नकार देणारेही भेटतात. मग शोध मोजक्या वस्त्यांत फिरत राहतो आणि तेथे मागणी जास्त असल्याने भाडे चढे सांगितले जाते. म्हणून पहिल्या खोलीलाच घाईने होकार देऊ नये. दुकानाचे मालक, मशिदीतील ओळखीचे लोक, आपल्याच व्यवसायातील जुने कारागीर यांच्यामार्फत शोधले तर दलालीही वाचते आणि मालकालाही भरवसा वाटतो.

दुसऱ्या कामाची खरी कमाई

आता रात्रीच्या कामाकडे पाहू. समजा, रोज चार तासांत ३६० रुपये मिळतात. २६ दिवसांचे ९,३६० झाले. मित्राने सांगितलेले नऊ हजार ते हेच. पण हा गल्ला आहे, नफा नव्हे. गल्ला आणि नफा यांतला फरक दुकानदाराला समजावून सांगावा लागत नाही. कारागीर मात्र स्वतःच्या श्रमाच्या बाबतीत तो विसरतो.

रोज चाळीस किलोमीटर गाडी पळाली तर महिन्याला १,०४० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ४५ चालते असे धरले तर सुमारे २३ लिटर पेट्रोल, म्हणजे जवळजवळ २,४०० रुपये. ऑइल, टायर, ब्रेक, चेन यांचे ७००. रात्री रस्त्यावर घेतलेला चहा, वडापाव आणि मोबाइलचा जादा खर्च ६००. खर्च झाला ३,७००. हाती उरले ५,६६० रुपये.

हे पैसे १०४ तासांचे आहेत. म्हणजे तासाला सुमारे ५४ रुपये. दिवसाच्या कामात याच मुलाला २३४ तासांचे १८,००० मिळतात, म्हणजे तासाला सुमारे ७७ रुपये. याचा अर्थ काय? ज्या कामात तो उस्तादाकडे पाच वर्षे शिकला, त्या कामाचा तास ७७ रुपयांचा. ज्या कामात शिकण्यासारखे फारसे काही नाही, त्याचा तास ५४ रुपयांचा. आणि हा ५४ रुपयांचा तास तो आपल्या झोपेतून काढून विकणार आहे.

५,६६० रुपयांनी ५,२०० ची तूट भरते खरी. पण मागे उरतात ४६० रुपये. बाजूला टाकायचे १,८०० यातून निघत नाहीत. एखादा आठवडा ताप आला, पावसाने गाडी बंद पडली किंवा काम देणाऱ्यांनी दर कमी केला, की भाडे अडले. गाडीच्या विम्याचे कागदही पाहून ठेवावेत. विमा खासगी वापराचा असेल आणि गाडी माल पोहोचवण्याच्या धंद्यात असताना अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा दावा अडू शकतो.

वहीत न दिसणारा तोटा

रात्री बारा वाजता काम संपले की घरी येऊन अंग टेकायला एक वाजतो. फज्रला उठायचे तर झोप चार-साडेचार तासांची. इशाची नमाज रस्त्यात कोठेतरी घाईने, नाहीतर राहूनच जाते. असे दोन महिने तरुण शरीर सोसते, तिसऱ्या महिन्यात ते आपली वसुली सुरू करते.

कटिंगचे काम नजरेचे आणि हाताचे आहे. कापड एकदा कापले की परत जोडता येत नाही. समजा, डोळ्यांवर झोप असताना शेरवानीच्या कापडावर खूण अर्धा इंच आत पडली आणि कात्री चालली. तीन मीटर कापड ९०० रुपये दराचे असेल तर २,७०० रुपये गेले. रात्रीच्या कामाची जवळजवळ अर्ध्या महिन्याची कमाई एका हिसक्यात संपली. गिऱ्हाईक तुटले ते वेगळेच. सुतार, लोहार, वेल्डर, मशीनवर काम करणारे यांच्या बाबतीत तर प्रश्न कापडाचा नसून बोटांचा आणि डोळ्यांचा आहे.

अल्लाहने झोप विश्रांतीसाठी, रात्र पांघरुणासारखी आणि दिवस रोजी कमावण्यासाठी केला, असे सूरह नबामध्ये (आयती ९ ते ११) सांगितले आहे. याचा अर्थ रात्री काम करणे हराम आहे असा मुळीच नाही. बेकरीवाले, पहारेकरी, दवाखान्यातील कर्मचारी रात्रीच राबतात. पण ते दिवसा झोपतात. दिवसही विकायचा आणि रात्रही विकायची, हा व्यवहार शरीराला मान्य नाही. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना रात्ररात्र जागून उपासना करण्यापासून रोखले आणि अल्लाहचा, स्वतःच्या जिवाचा व घरच्यांचा हक्क ज्याचा त्याला द्यावा असे समजावले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले. जेथे उपासनेसाठीही शरीराचा हक्क मारता येत नाही, तेथे भाड्यासाठी तो किती मारावा याचा विचार व्हावा.

वेळ कोणाचा?

फिकहमध्ये मजुराचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'अजीर-ए-खास', म्हणजे ठरावीक वेळेसाठी एकाच मालकाकडे काम करणारा. दुसरा 'अजीर-ए-मुश्तरक', म्हणजे अनेक गिऱ्हाइकांची कामे घेणारा, जसा स्वतःचे दुकान असलेला शिंपी किंवा धोबी. पहिल्याने आपला ठरलेला वेळ विकलेला असतो, म्हणून त्या वेळेत दुसऱ्याचे काम करणे म्हणजे विकलेला माल पुन्हा विकणे. कामाच्या वेळेबाहेरचा तास मात्र त्याचा स्वतःचा आहे.

आमच्या उदाहरणातील मुलगा सातनंतर मोकळा आहे. पण रात्रीच्या जागरणामुळे दिवसा दोन तास पेंगत काढले, तर ते दोन तास शेठच्या मालकीचे होते. दुकानाच्या गिऱ्हाइकाला हळूच 'घरी द्या, स्वस्तात कापून देतो' असे सांगणे, ही तर उघड बेइमानी आहे. म्हणून दुसरे काम धरायचे असेल तर पहिल्या मालकाला सांगून धरावे.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी कायदाही लक्षात ठेवावा. एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६० ने बंधन घातले होते. कामगाराला विश्रांती मिळावी हाच त्यामागचा हेतू. त्याच कायद्यात जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट ठरवला होता, आणि दुपटीचे हे तत्त्व २०२० च्या नव्या कामगार संहितेतही ठेवले आहे. म्हणून जेथे हा कायदा लागू आहे तेथे परक्या कामाच्या मागे धावण्याआधी आपल्याच ठिकाणी ओव्हरटाइम मिळतो का, हे विचारावे.

आमचा नियम

या सगळ्या हिशेबातून आम्ही एकच नियम काढतो. डिपॉझिट दुसऱ्या कामातून उभे करावे. भाडे पहिल्या कामातूनच निघाले पाहिजे.

डिपॉझिट एकदाच भरावे लागते. त्यासाठी सहा महिने जास्त राबलो तर काम संपण्याची तारीख ठरलेली असते, शरीराला शेवट दिसतो आणि त्या वेळी चाचांचे छप्परही डोक्यावर असते. भाडे मात्र दर महिन्याला उभे राहते. ते दुसऱ्या कामावर टेकले की ते काम सोडता येत नाही. आजारी पडलो तरी जावे लागते, दर कमी झाला तरी जावे लागते. मग ज्या खोलीत निवांत झोपायचे म्हणून सारा खटाटोप केला, त्या खोलीत आपण फक्त चार तास असतो. खोली आपल्यासाठी राहत नाही, आपण खोलीसाठी राबतो.

हा नियम लावला की मार्ग सुचू लागतात.

पहिला मार्ग, खोली दोघांनी घेणे. आपल्यासारखाच एक नेक, कामसू कारागीर सोबत घेतला तर भाडे, वीज, पाणी व कराराचे ८,००० निम्मे होऊन ४,००० वर येतात. जेवण, पेट्रोल व किरकोळ ४,७०० धरून एकूण ८,७००. चाचीचे ४,००० वजा केले की नवा बोजा ४,७००. शिल्लक ३,५०० आहे, म्हणजे तूट फक्त १,२०० रुपयांची. एकदाचा खर्चही ५०,००० वरून २५,००० वर येतो. लग्न ठरेपर्यंतचा काळ असा काढता येतो. दोघांची नावे करारात घालावीत आणि कोणाचे किती पैसे गुंतले ते लिहून ठेवावे.

दुसरा मार्ग, आपल्याच कामाचा भाव वाढवणे. शर्ट-पँट कापणाऱ्याने शेरवानी आणि कोटाची कटिंग शिकून घेतली तर त्याचा पगार वाढण्यास आधार मिळतो. रात्री रस्त्यावर चार तास घालवण्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी जाणत्या उस्तादाकडे बसावे. वर्षभरात पगार १,५०० ने जरी वाढला, तरी वर काढलेली १,२०० ची तूट भरून निघते आणि भाडे पहिल्या कामातून निघू लागते. मोटारसायकलवरची पाच वर्षे कोणाला मोठा कारागीर करीत नाहीत, कात्रीची पाच वर्षे करतात.

तिसरा मार्ग, हंगामी जादा काम. शिलाईच्या धंद्यात शाळा सुरू होण्याआधी मे-जूनमध्ये गणवेशाची घाई असते, तशीच ईदच्या आधी आणि लग्नसराईत असते. त्या दिवसांत शेठच्या परवानगीने नगावर कटिंग घ्यावी. तासाला १२० रुपये जरी पडले, तरी आठवड्यातून दोन संध्याकाळी तीन-तीन तास याप्रमाणे महिन्याला २,८८० होतात. तेही पेट्रोल न जाळता आणि अकराच्या आत झोपून. हे पैसे मात्र भाड्यात न घालता डिपॉझिटच्या डब्यात टाकावेत.

डिपॉझिटसाठी व्याज नको

रक्कम लवकर हवी म्हणून सावकाराकडून, मोबाइलवरून झटपट मिळणारे किंवा क्रेडिट कार्डाचे व्याजी कर्ज काढण्याचा मोह होतो. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच. पण हिशेबानेही पाहावे. ज्याची दरमहा तूट आधीच ५,२०० आहे, त्याच्या डोक्यावर हप्ता चढला की तूट वाढणार, घटणार नाही.

भिशी हा आपल्या बाजारातील जुना आणि सोपा उपाय आहे. दहा विश्वासू माणसांनी दरमहा २,५०० घातले तर प्रत्येकाला आपल्या पाळीला २५,००० मिळतात. दोघांत घेतलेल्या खोलीचा वाटा नेमका तेवढाच आहे. भिशी सोडतीची किंवा ठरलेल्या पाळीची असावी. लिलावाच्या भिशीत आधी रक्कम उचलणारा कमी घेतो आणि पूर्ण भरतो. या फरकात व्याज येते, तिच्यापासून दूर राहावे.

मुंबईकडे 'हेवी डिपॉझिट' म्हणून एक पद्धत आहे. मालकाला मोठी रक्कम द्यायची, भाडे काहीच नाही किंवा नावापुरते, आणि सोडताना पूर्ण रक्कम परत. वरवर ही सोय वाटते. पण कर्जाऊ दिलेल्या रकमेच्या बदल्यात घराचा फायदा उचलणे यात व्याज येते, असे अनेक उलमांचे मत आहे. असा व्यवहार समोर आला तर आपल्या गावच्या जाणत्या मुफ्तींना विचारूनच पाऊल टाकावे.

शेठकडून उचल घेताना ती किती महिन्यांत, किती रुपयांनी फेडायची ते लिहून घ्यावे. न फिटणारी उचल कारागिराला एका दुकानाला बांधून ठेवते, मग पगारवाढ मागण्याचे तोंड राहत नाही.

मदीनेच्या बाजारातील धडा

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केहून हिजरत करून मदीनेत आले तेव्हा त्यांच्यापाशी काही नव्हते. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपल्या मालमत्तेचा अर्धा वाटा देऊ केला. त्यांनी दुआ दिली, पण वाटा घेतला नाही. बाजार कोठे आहे तेवढे विचारले. तूप आणि पनीर यांचा छोटा व्यापार सुरू केला, रोज थोडे मागे टाकले आणि काही दिवसांनी स्वतःच्या कमाईतून महर देऊन लग्न केले.

या प्रसंगातून स्वावलंबनाचा धडा सर्वच जण घेतात. आम्ही आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ते मूळचे व्यापारी होते आणि परक्या गावातही त्यांनी आपल्याला येणारेच काम धरले. संसार थाटण्याची घाई केली नाही, आधी हाती काही जमू दिले. ऐपतीप्रमाणे खर्च करावा आणि अल्लाह कोणावरही दिलेल्यापेक्षा जास्त भार टाकत नाही, हे सूरह तलाकमध्ये (आयत ७) सांगितलेले तत्त्व येथे लागू पडते.

दुकानदार बंधूंना

हा लेख वाचणाऱ्यांत मालकही आहेत. आपला चांगला कटर, चांगला वेल्डर रात्री दुसरीकडे राबतो असे कळले तर त्याला रागावण्याआधी आपली पगाराची वही पाहावी. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, या शिकवणीचा अर्थ मजुरी वेळेवर द्यावी एवढाच घेऊन थांबू नये. एका चुकीच्या कटिंगमध्ये २,७०० रुपये जातात, हे आपण वर पाहिले. १,५०० ची पगारवाढ त्याहून स्वस्त आहे. शिवाय घरमालकापुढे कारागिराच्या वतीने आपण चार शब्द बोललो, तर त्याला एक पैसाही लागत नाही आणि मुलाला छप्पर मिळते.

निर्णयाआधीचे सात प्रश्न

१. खोली गरजेसाठी हवी आहे की रागासाठी?
२. दलाली, करार, खानावळ आणि जादा प्रवास धरून महिन्याचा खरा खर्च कागदावर लिहिला का?
३. दुसऱ्या कामातून खर्च वजा जाता तासाला काय उरते? ते पहिल्या कामाच्या तासापेक्षा जास्त आहे की कमी?
४. दुसरे काम उद्या बंद पडले तर परवाचे भाडे कोठून येईल?
५. दुसरे काम कोणत्या तारखेला सोडायचे ते ठरले आहे का?
६. नमाज, झोप आणि आई-वडिलांना जाणारे पैसे, यांपैकी काही कापले जाणार आहे का?
७. घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि दुकानाच्या मालकाशी बोलणे झाले का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर सध्या थांबावे. थांबणे हाही निर्णयच आहे. चाचीच्या हाती ठरलेले पैसे पहिल्या तारखेला द्यावेत, रात्री उशीर होणार असेल तर आधी सांगावे, दाराची दुसरी किल्ली करून घ्यावी, भिशीत नाव घालावे आणि शेरवानीची कटिंग शिकायला लागावे. वर्षभराने तोच कागद पुन्हा काढून आकडे मांडावेत. तेव्हा भाडे पहिल्या पगारात बसत असेल, तर बिस्मिल्लाह म्हणून खोली घ्यावी.